खवटपणा आणि त्याचे राखणदार

पाठपरिचय : साठवलेले तेल, दाणे किंवा पीठ खवट का होते, हे स्वयंपाकघरातील जुने कोडे आहे. तोच बदल माणसाच्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या पटलातही घडू शकतो. तो रोखण्यासाठी शरीर कोणत्या पदार्थांचा उपयोग करते आणि ते पदार्थ रोजच्या आहारातून कसे मिळतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळी या मार्गाने बंगळुरूला जाणारी गाडी शहरात शिरताना यशवंतपूरला थांबते. शहराच्या वायव्येस असलेले हे स्थानक आणि त्याच्या परिसरातील कृषी बाजार यांचे नाव महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांना नवे नाही. नाशिक, नगर, सोलापूर या भागांतील कांद्याने भरलेले ट्रक अनेक वर्षे याच बाजाराकडे जात आले. धान्य, डाळी, मिरची, लसूण यांच्या पेढ्याही येथे दीर्घकाळ नांदल्या. उत्तरेकडे तुमकूर रस्त्याने गेले की पावगड, चळ्ळकेरे हा कोरडवाहू भुईमुगाचा प्रदेश लागतो. बंगळुरूकरांना भुईमुगाच्या शेंगेचे किती कौतुक आहे, हे पाहायचे असेल तर कार्तिक महिन्यात बसवनगुडीला भरणारी ‘कडलेकायी परिशे’ म्हणजे शेंगांची जत्रा पाहावी.

दाण्यांची पारख करण्याची रीत मात्र महाराष्ट्रात काय आणि कर्नाटकात काय, सारखीच आहे. अनुभवी गिऱ्हाईक पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर चोळते, फुंकर मारून साले उडवते, दाण्याचा वास घेते आणि एखादा दाणा दाताखाली फोडून पाहते. दाणा खवट असेल तर ते नाकाला आणि जिभेला तत्काळ कळते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

खवट म्हणजे काय?

खवटपणा हा तेलकट पदार्थांचाच दोष आहे. तांदूळ जुना झाला तरी फारसा खवट होत नाही. शेंगदाणे, जवस, कारळे, अक्रोड मात्र लवकर होतात. बाजरीचे पीठ आठवडाभरात कडवट लागू लागते, म्हणून घरोघरी ते थोडे थोडेच दळून आणण्याची पद्धत पडली. याउलट कर्नाटकातील नाचणीचे पीठ बरेच दिवस टिकते. बाजरीत मेदाचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास असते, तर नाचणीत ते दोनपेक्षाही कमी असते. ‘मुद्दे’ करणाऱ्या गृहिणीला बाजरीची भाकरी करणाऱ्या गृहिणीइतकी पिठाची घाई का नसते, याचे हे एक कारण आहे.

मेद खवट होण्याचे दोन मार्ग आहेत. एकात ओलाव्यामुळे आणि दाण्यातील विकरांमुळे मेदाचे तुकडे होतात. बाजरीच्या पिठात आरंभ येथूनच होतो. दुसऱ्या मार्गात हवेतील ऑक्सिजन मेदाशी संयोग पावतो; यालाच मेदाचे ऑक्सिडीकरण म्हणतात. या पाठाचा संबंध दुसऱ्या मार्गाशी आहे.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. साखळीतील सर्व कड्या एकेरी बंधांनी जोडलेल्या असतील तर ते संपृक्त मेदाम्ल. तुपात आणि खोबरेल तेलात अशी मेदाम्ले अधिक असतात, म्हणून थंडीत ती थिजतात. काही ठिकाणी दुहेरी बंध असतील तर ते असंपृक्त मेदाम्ल होय. करडई, सूर्यफूल, जवस यांच्या तेलांत एकाहून अधिक दुहेरी बंध असणारी मेदाम्ले विपुल असतात आणि ती तेले हिवाळ्यातही पातळ राहतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध जो हायड्रोजनचा अणू असतो त्याची पकड सैल असते. तो निसटला की साखळीला ऑक्सिजन चिकटतो. अशी ऑक्सिजनयुक्त, अस्थिर साखळी शेजारच्या साखळीतील हायड्रोजन हिसकावून घेते. मग ती शेजारीणही तशीच होते आणि पुढच्या साखळीकडे वळते. गवताच्या गंजीला एका टोकाला ठिणगी लागावी आणि आग काडीमागून काडी पुढे सरकावी, तसा हा प्रकार आहे. शेवटी या साखळ्या तुटून जे लहान रेणू बाहेर पडतात त्यांचाच वास नाकाला ‘खवट’ म्हणून जाणवतो.

ज्या अस्थिर रेणूमुळे ही ठिणगी पडते त्याला मुक्तमूलक असे नाव आहे. त्याच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो आणि तो जोडीदार मिळवण्यासाठी इतर रेणूंवर तुटून पडतो. प्रकाश, उष्णता, लोह आणि तांबे यांचा संपर्क या गोष्टी अशा मूलकांची निर्मिती वाढवतात. तेल काचेच्या बरणीत उन्हात ठेवू नये, अशी जी शिकवण घरात दिली जाते तिच्यामागे हेच रसायनशास्त्र आहे.

पेशीचे पटल

मानवी शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी मिलीमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. हे पटल मुख्यत्वे मेदरेणूंच्या दोन थरांचे बनलेले असून त्यात प्रथिने जागोजागी रुतलेली असतात. काय आत घ्यावे आणि काय बाहेर सोडावे, हे या पटलावर ठरते. चेतापेशीतून जाणारा संदेश आणि हृदयाचा ठोका यांसाठीही ते शाबूत असावे लागते.

हे पटल मजबूत पण लवचिक हवे. केवळ संपृक्त मेदाचे असते तर ते थिजलेल्या तुपासारखे ताठ झाले असते. दुहेरी बंधांमुळे मेदाच्या साखळीला बाक येतो, साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत आणि पटल पातळ तेलासारखे हलते राहते. रक्तातील तांबड्या पेशीचे उदाहरण घ्यावे. तिचा व्यास मिलीमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतो; परंतु शरीरातील काही केशवाहिन्या तिच्याहून अरुंद असतात. त्यांतून जाताना ती दुमडते, लांबते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मूळ आकार धारण करते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला हे असंख्य वेळा करावे लागते. तिच्या पोटात लोहयुक्त हिमोग्लोबिन असते आणि ती सतत ऑक्सिजन वाहून नेत असते. म्हणजे सहज खवट होणारा मेद, ऑक्सिजन आणि लोह या तिन्ही गोष्टी एकाच थैलीत एकत्र आलेल्या आहेत. अशी थैली चार महिने टिकते, हीच खरे तर नवलाची बाब आहे.

असंपृक्त मेद आहारातून काढून टाकावा म्हणजे प्रश्न मिटेल, असे कोणाला वाटेल. पण १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की काही असंपृक्त मेदाम्ले आहारात नसतील तर त्वचा खवलते, वाढ खुंटते आणि प्राणी मरतो. शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. जी वस्तू सर्वांत लवकर खवट होते तीच शरीराला अनिवार्य आहे. म्हणून निसर्गाने मेदाबरोबर त्याचा राखणदारही दिला आहे.

रस्त्यापलीकडची संस्था

यशवंतपूरच्या बाजारपेठेपासून थोड्याच अंतरावर, मल्लेश्वरमच्या बाजूस, झाडीने वेढलेले एक विस्तीर्ण आवार आहे. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये स्थापन झालेली ही भारतीय विज्ञान संस्था होय. जुन्या पिढीतील लोक तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणत. अन्नातील घटक आणि पेशीतील ऑक्सिडीकरण या दोन्ही विषयांवर पुढे काम करणारी एक मराठी मुलगी १९३३ मध्ये याच संस्थेच्या दाराशी आली. तिचे नाव कमला भागवत.

कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. थोर लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत उत्तम यश मिळवूनही कमलाबाईंना प्रवेश नाकारण्यात आला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी आपला आग्रह सोडला नाही तेव्हा त्यांना अटींवर आत घेण्यात आले. पहिले वर्ष नियमित विद्यार्थी म्हणून मान्यता मिळणार नव्हती आणि आपल्या उपस्थितीमुळे इतरांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, असेही त्यांना सांगण्यात आले. या अटी अपमानकारक होत्या, हे त्यांनी पुढे स्पष्ट बोलून दाखवले. वर्ष संपले तेव्हा त्यांच्या कामाबद्दल शंका उरली नव्हती आणि त्यानंतर इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी येथे दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. मूग, मटकी, तूर या गरिबाच्या ताटातील वस्तू प्रयोगशाळेच्या मेजावर याव्यात, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत ते होते. याच हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये पेशींतील ‘ग्लुटाथायोन’ या पदार्थाला नाव दिले होते. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी एक आम्ल वेगळे काढले. तेच पुढे क जीवनसत्त्व ठरले. या दोन्ही पदार्थांची गाठ या पाठात पुन्हा पडणार आहे.

कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम केले. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते तेव्हा इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचवते. या वाहतुकीतील ‘साइटोक्रोम-सी’ हा दुवा वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

या इलेक्ट्रॉनांच्या वाहतुकीतच मुक्तमूलकांचा उगम आहे. वाटेत काही इलेक्ट्रॉन सांडतात, ऑक्सिजनला अवेळी चिकटतात आणि त्यातून मुक्तमूलके तयार होतात. माणूस श्वास घेतो म्हणून जगतो, आणि श्वास घेतो म्हणूनच त्याच्या पेशीत ठिणग्याही पडतात. मुक्तमूलके म्हणजे निव्वळ शत्रू, असेही समजू नये. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना मारण्यासाठी ती मुद्दाम निर्माण करतात. आग चुलीत हवी, छपरावर नको, एवढाच प्रश्न असतो.

राखणदारांची साखळी

पेशीपटलाचा पहिला राखणदार म्हणजे ई जीवनसत्त्व. १९२२ मध्ये कॅलिफोर्निया येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना त्याचा सुगावा लागला. शुद्ध केलेल्या घटकांच्या आहारावर वाढवलेल्या उंदरिणी धडधाकट दिसत. परंतु त्यांचे गर्भ पोटातच नष्ट होत. आहारात हिरवी पाने दिली, पुढे गव्हाचा अंकुर दिला, तेव्हा पिले जन्मू लागली. या पदार्थाचे ‘टोकोफेरॉल’ हे नाव ग्रीक भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘प्रसूती घडवून आणणारा’ असा होतो.

हा पदार्थ मेदात विरघळतो आणि पेशीपटलातच वस्ती करतो. साधारण हजार मेदरेणूंमागे त्याचा एखादाच रेणू असतो, पण तेवढा पुरतो. ऑक्सिडीकरणाची आग सरकत येताच तो आपला हायड्रोजन पुढे करतो. मेदाची साखळी शांत होते आणि ई जीवनसत्त्व स्वतः मूलक बनते. मात्र हे मूलक इतके मंद असते की ते शेजाऱ्यावर तुटून पडत नाही. आग तेथेच थांबते.

हायड्रोजन देऊन बसलेल्या ई जीवनसत्त्वाला पुन्हा कामावर आणण्यासाठी दुसरा राखणदार लागतो. तो म्हणजे क जीवनसत्त्व. ते पाण्यात विरघळत असल्याने पटलाच्या आत शिरू शकत नाही, काठावर उभे राहते आणि तेथूनच ई जीवनसत्त्वाला हायड्रोजन परत करते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातील ई जीवनसत्त्व इतरांपेक्षा लवकर संपते आणि क जीवनसत्त्व पुरेसे मिळाले की ती घट मंदावते, असे आढळून आले आहे. धुरातून प्रत्येक झुरक्यासरशी मुक्तमूलके शरीरात जात असतात, हे त्याचे कारण. त्यावरचा खरा उपाय अर्थातच विडी सोडणे हा होय.

तिसरी फळी आहे हॉपकिन्स यांच्या ग्लुटाथायोनची. ते शरीर स्वतः बनवते, त्यासाठी आहारातील प्रथिने हवीत. पटलातील जे मेदरेणू ऑक्सिडीकरणाने आधीच बिघडले आहेत त्यांना निरुपद्रवी करणारे एक विकर ग्लुटाथायोनच्या मदतीने काम करते. या विकरांच्या कुटुंबाला सेलेनियम हे मूलद्रव्य लागते, हे १९७३ मध्ये कळले. हे काम थांबले तर काय होते, हे अलीकडे अधिक स्पष्ट झाले. लोहाच्या साहाय्याने पटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण अनावर झाले की पेशी फुटून मरते. २०१२ मध्ये या प्रकारच्या पेशीमृत्यूला ‘फेरोप्टोसिस’ असे स्वतंत्र नाव मिळाले. लोहाचा उल्लेख वाचून रक्तक्षय असलेल्या स्त्रीने लोहाच्या गोळ्या बंद करण्याचे काही कारण नाही. शरीर लोहाला विशिष्ट प्रथिनांत बंदिस्त करून ठेवते आणि भारतात लोहाची कमतरता हा कितीतरी मोठा प्रश्न आहे.

ही साखळी माणसात खरोखर अशीच चालते का? अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एल्गिन येथे १९५० च्या दशकात याचा प्रयोग झाला. ई जीवनसत्त्व अत्यल्प असलेला आणि असंपृक्त तेल भरपूर असलेला आहार काही पुरुषांना दीर्घकाळ देण्यात आला. त्यांच्या तांबड्या पेशी परीक्षानळीत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात टाकल्या असता त्या सहज फुटू लागल्या. ई जीवनसत्त्व परत दिल्यावर त्या पुन्हा टिकू लागल्या. आहारातील असंपृक्त मेद जितका अधिक तितके ई जीवनसत्त्वही अधिक लागते, हेही यातून कळले. ई जीवनसत्त्वाची रोजची गरज ठरवताना आजही या प्रयोगाचा आधार घेतला जातो. तो मनोरुग्णालयातील रुग्णांवर झाला होता. आजच्या नियमांत अशा प्रयोगाला परवानगी मिळणार नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

सामान्य माणसात ई जीवनसत्त्वाची तीव्र उणीव क्वचितच दिसते. ती दिसते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि आतड्यांत मेद शोषला न जाणाऱ्या रुग्णांत. अशा बाळांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात. अशा रुग्णांच्या चेतातंतूंना हळूहळू इजा होते.

ताटात काय असावे?

ई जीवनसत्त्वासाठी महागड्या बदामाकडे धाव घेण्याची गरज नाही. वनस्पतीला आपल्या बीजातील तेल पुढच्या पावसापर्यंत सांभाळायचे असते, म्हणून ती त्या तेलात ई जीवनसत्त्व साठवते. जेथे तेलबी तेथे राखणदार, हा नियम लक्षात ठेवावा. मूठभर शेंगदाण्यांतून सुमारे अडीच मिलीग्रॅम ई जीवनसत्त्व मिळते आणि दिवसाची गरज आठ ते दहा मिलीग्रॅमच्या आसपास मानली जाते. सूर्यफूल आणि करडईच्या तेलात ते भरपूर असते. हिरव्या पालेभाज्यांतही असते. खोबरेल तेलात ते नगण्य असते. ते तेल मुळातच संपृक्त असल्याने त्याला राखणदाराची निकडही कमी. तिळाच्या तेलाला आणखी एक संरक्षण आहे. तिळातील काही खास घटकांमुळे ते तेल इतर तेलांच्या मानाने फार उशिरा खवट होते. संक्रांतीचा तीळ, सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी, विदर्भातील जवसाची चटणी हे सर्व पदार्थ या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत. जवसाची पूड मात्र बेताचीच करावी. अख्ख्या जवसात कवचाने राखलेले तेल दळताच हवेला उघडे पडते. खवट किंवा बुरशी आलेला दाणा निवडून टाकावा. बुरशीचे विष हा खवटपणाहून वेगळा आणि अधिक गंभीर धोका आहे.

क जीवनसत्त्व शरीरात फारसे साठत नाही, म्हणून ते रोज मिळायला हवे. प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलीग्रॅम असे प्रमाण भारतात २०२० मध्ये ठरवण्यात आले. शंभर ग्रॅम पेरूत ते दोनशे मिलीग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे लहानसा पेरू दिवसभराची बेगमी करतो. आवळा त्याहूनही सरस. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, लिंबू हे इतर स्वस्त मार्ग होत. उष्णता आणि पाणी यांनी हे जीवनसत्त्व नष्ट होते किंवा वाहून जाते. म्हणून भाजी चिरण्याआधी धुवावी आणि लिंबू वरण चुलीवरून उतरल्यावर पिळावे. यशवंतपूरच्या खानावळीत चित्रान्नावर शेवटी लिंबू पिळतात आणि महाराष्ट्रात पोह्यांवर पिळतात. दोन्हीकडचा हेतू चवीचा असला तरी लाभ दुहेरी होतो.

सेलेनियम धान्य, डाळी, अंडी, मासे यांतून मिळते. त्याचे प्रमाण जमिनीवर अवलंबून असते. चीनच्या ईशान्य भागातील केशान येथे जमिनीत ते फारच कमी असल्याने मुलांना हृदयाचा विकार जडत असे. उलट पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागांतील काही जमिनींत ते इतके अधिक आहे की त्या धान्यावर राहणाऱ्यांचे केस आणि नखे गळल्याची उदाहरणे आहेत. एकच मूलद्रव्य, एका ठिकाणी कमी म्हणून घातक आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त म्हणून.

कांद्यातील क्वेर्सेटिन आणि हळदीतील कुरकुमिन यांचाही या संदर्भात उल्लेख होतो. परीक्षानळीत हे पदार्थ मेदाचे ऑक्सिडीकरण उत्तम रोखतात. पण आतड्यातून रक्तात त्यांचा अल्पच अंश पोहोचतो, कुरकुमिनचा तर फारच थोडा. कांदा आणि हळद खाण्यास इतर पुष्कळ कारणे आहेत. त्यांना औषधाचा दर्जा देण्याची घाई करू नये.

कढईतील तेल

बाजारात पहाटेपासून पोती उचलणारा हमाल न्याहारीला दोन वडे किंवा भजी खातो. त्या कढईतील तेल कालचे, कदाचित परवाचे असते. तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यातील ई जीवनसत्त्व आधी संपते. राखणदार गेला की मेदाचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. तेल काळपट, दाट होते, त्यावर फेस येतो आणि डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. पेशीपटलाचा मेद बिघडल्यावर जे अपायकारक रेणू शरीरात तयार होतात, त्यांतील काही या कढईतही तयार होतात. म्हणजे असे तेल खाणाऱ्याला राखणदार तर मिळत नाहीच, वर आगीचा सरंजाम मात्र मिळतो.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला की, तळणीच्या तेलातील ‘एकूण ध्रुवीय संयुगे’ म्हणजे बिघाडातून निर्माण होणारे पदार्थ शेकडा २५ हून अधिक झाले तर ते तेल वापरता येणार नाही. नियम चांगला आहे. पण रस्त्यावरच्या प्रत्येक कढईपाशी मोजणीचे यंत्र घेऊन कोण उभे राहणार? तेथे पुन्हा गिऱ्हाइकाचे नाक आणि डोळेच उपयोगी पडतात. घरी तळणीचे तेल गाळून ठेवावे, फोडणीला लवकर वापरून संपवावे, ताज्या तेलात मिसळू नये. कमी उत्पन्नाच्या घरात तेल फेकणे जिवावर येते, हे खरे आहे. म्हणूनच तळताना कढईत तेल बेताचे घेणे हा अधिक व्यवहार्य मार्ग ठरतो.

ताट आणि गोळी

ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ इतके उपयोगी असतील तर त्यांच्या गोळ्याच का घेऊ नयेत? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी घेण्यात आली. काहींना ई जीवनसत्त्वाच्या, काहींना बीटा-कॅरोटिनच्या, काहींना दोन्हींच्या, तर काहींना निव्वळ बिनऔषधी गोळ्या देण्यात आल्या. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत तर तो शेकडा १८ ने वाढला. २०११ मध्ये अमेरिकेतील दुसऱ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्या पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग अधिक आढळला. गाजर आणि शेंगदाणे खाणाऱ्यांबाबत असा अनुभव नाही.

असे का घडले, याचे एकच सर्वमान्य उत्तर नाही. पण वर सांगितलेली साखळी पाहिली की काही उलगडा होतो. एकटे ई जीवनसत्त्व भरमसाट दिले आणि त्याला कामावर परत आणणारे पदार्थ तितके नसले, तर साखळी लंगडी पडते. शिवाय ज्या मूलकांच्या साहाय्याने शरीर रोगट पेशी नष्ट करते तीही अति मात्रेने विझण्याची शक्यता असते. डॉक्टरांनी उणीव पाहून दिलेली गोळी वेगळी आणि जाहिरात पाहून घेतलेली वेगळी. पेरू, पालेभाजी, डाळ आणि मूठभर दाणे यांचा खर्च त्या बाटलीच्या किमतीशी ताडून पाहण्यासारखा आहे.

विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेलेल्या कमलाबाईंनी १९३९ नंतर भारतात परतून हाच अन्नाचा मार्ग धरला. दिल्लीत अध्यापन आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवरील संशोधन केल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तेथे त्यांनी ‘नीरा’ या पेयाचा सखोल अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडामाडाच्या झाडांचा पहाटे उतरवलेला गोड रस; ऊन चढले की तो आंबून ताडी होतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या या कामात नीरेत क जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्व आणि लोह टिकून असल्याचे दिसले. ज्यांना फळे विकत घेणे परवडत नव्हते अशा आदिवासी भागांतील कुपोषित मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. निवृत्तीनंतर ग्राहकांना भेसळ ओळखता यावी म्हणून त्या ‘कीमत’ या मासिकात लिहीत असत. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेने त्यांना दाराशी अडवले होते तिच्या प्रयोगशाळांत आज मुली मोठ्या संख्येने काम करतात.

स्वाध्याय

१. बाजरीचे पीठ लवकर खराब होते, पण नाचणीचे पीठ टिकते. याचे कारण दोन-तीन वाक्यांत लिहा.

२. ‘जी वस्तू सर्वांत लवकर खवट होते तीच शरीराला अनिवार्य आहे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

३. ई जीवनसत्त्व आणि क जीवनसत्त्व एकमेकांना कसे साहाय्य करतात, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

४. आपल्या घरातील तेल, दाणे आणि पिठे कोठे व कशी साठवली जातात ते पाहा. त्यांत कोणता बदल करता येईल, याबद्दल दहा ओळी लिहा.

५. पाठातील पुढील शब्द वाक्यांत वापरा : बेगमी, सुगावा, अनिवार्य, व्यवहार्य.